कोणाच्या तुलनेत, ते आधी सांगा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विषय : शालेय उपक्रमांच्या परिणामांविषयीचे दावे आणि मानसशास्त्रीय प्रयोगांची पद्धत

शाळा-महाविद्यालये सुरू होण्याच्या सुमारास आपल्या जिल्हा पानांवर एका ठराविक घाटाच्या बातम्या येऊ लागतात. एखाद्या तालुक्याच्या गावी स्मरणशक्तीचे किंवा एकाग्रतेचे शिबिर झालेले असते, एखाद्या शाळेने परिपाठानंतर पंधरा मिनिटे ध्यानाचा उपक्रम राबवलेला असतो, एखाद्या शिक्षकाने मागे पडलेल्या मुलांना खेळातून गणित शिकवलेले असते, आणि बातमीच्या शेवटी एक वाक्य हमखास असते : उपक्रमापूर्वी मुलांची चाचणी घेतली, उपक्रमानंतर पुन्हा घेतली आणि गुणांत लक्षणीय वाढ दिसून आली. मला लिहायचे आहे ते या वाक्याबद्दल. उपक्रम राबवणाऱ्या शिक्षकांच्या तळमळीविषयी मला शंका नाही. त्यांच्यातले कित्येक जण पदरमोड करून हे काम करतात. परंतु आधी चाचणी, मग उपक्रम, मग पुन्हा चाचणी, एवढ्यावरून गुण उपक्रमामुळेच वाढले असे म्हणता येत नाही. ज्यांना उपक्रम मिळाला आणि ज्यांना तो मिळाला नाही असे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले असतील आणि त्यांची तुलना केलेली असेल, तरच त्या वाक्याला काही अर्थ आहे.

मानसशास्त्राच्या पदवी वर्गात नियंत्रित गट (ज्याला उपक्रम दिला जात नाही तो) आणि प्रायोगिक गट (ज्याला तो दिला जातो तो) यांचा धडा अगदी सुरुवातीला येतो. विद्यार्थी तो परीक्षेत सुवाच्य अक्षरात लिहितात, आकृती काढतात, गुणही मिळवतात. पुढे तेच विद्यार्थी बी.एड., एम.एड. करू लागले की कृती संशोधनाच्या, म्हणजे शिक्षकाने आपल्याच वर्गात केलेल्या छोट्या संशोधनाच्या, अहवालात एकच गट घेऊन पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी उरकतात, आणि मार्गदर्शक त्यावर सही करतात. डोनाल्ड कॅम्पबेल आणि ज्युलियन स्टॅन्ली या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९६३ साली संशोधन आराखड्यांचा जो आढावा घेतला, त्यात हा एकगटी आराखडा कच्चा का आहे याची कारणे एकेक करून मांडलेली आहेत. ती वाचताना मला नेहमी वाटते की त्यांनी खानदेशातली एखादी शाळा पाहिली असती, तर त्यांना याहून ठळक उदाहरणे मिळाली असती.

नंदुरबार किंवा धुळे जिल्ह्यातली एखादी जिल्हा परिषद शाळा डोळ्यांसमोर आणू. समजा, दिवाळीची सुटी संपल्या संपल्या पूर्वचाचणी झाली आणि वर्गात चाळीस मुले होती. त्यांतल्या तीस मुलांची सरासरी वीसपैकी बारा गुण आणि उरलेल्या दहा मुलांची सहा, म्हणजे साऱ्या वर्गाची सरासरी साडेदहा. पुढच्या पंधरवड्यात त्या दहा मुलांचे आईवडील ऊसतोडीसाठी गुजरातेत गेले आणि मुलेही त्यांच्याबरोबर गेली. मार्चमध्ये उत्तरचाचणी झाली तेव्हा वर्गात तीसच मुले होती. त्यांतल्या एकाचाही अर्धा गुण वाढलेला नसला तरी वर्गाची सरासरी आता बारा भरते आणि अहवालात दीड गुणाची वाढ नोंदवली जाते. ही वाढ उपक्रमाने केलेली नाही, ती कोयत्याने केलेली आहे. अहवाल लिहिणाऱ्याने लबाडी केली असे मी म्हणत नाही. गळालेल्या मुलांचे काय करायचे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

शिवाय नोव्हेंबर ते मार्च या काळात वर्गात बाकीचेही बरेच काही घडते. कापूस वेचणीच्या दिवसांतली अनियमित हजेरी नंतर सुधारते. उन्हे तापू लागली की शाळा सकाळची होते, त्यामुळे पूर्वचाचणी दुपारच्या जेवणानंतर पेंगुळलेल्या मुलांनी दिलेली असते आणि उत्तरचाचणी सकाळी ताज्यातवान्या मुलांनी. प्रश्नपत्रिका बहुधा तीच असते, ती मुलांना ओळखीची झालेली असते. आणि चार महिन्यांत मुले मोठी होतात, वर्गातला नेहमीचा अभ्यासही पुढे सरकतो. यांपैकी कशाचा वाटा किती, हे एका गटाच्या दोन चाचण्यांतून कळण्याचा मार्ग नाही. कावळा बसला आणि फांदी मोडली, एवढेच आपण पाहिलेले असते.

आणखी एक कारण असे आहे की जे जाणत्यांनाही चकवते. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ साली आईवडिलांच्या आणि त्यांच्या मुलांच्या उंचीची मोजमापे मांडली तेव्हा त्यांना आढळले की फार उंच आईवडिलांची मुले सरासरीने त्यांच्याइतकी उंच नसतात आणि फार बुटक्यांची मुले तितकी बुटकी नसतात. दोन्हीकडची मोजमापे सरासरीच्या दिशेने सरकतात. चाचणीच्या गुणांचेही तसेच आहे. एखाद्या दिवशी मुलाला मिळालेल्या गुणांत त्याच्या तयारीचा भाग असतो, तसा त्या दिवसाचाही असतो : रात्री घरी हळदीचा कार्यक्रम होता, अंगात कणकण होती, प्रश्न नेमके न वाचलेल्या धड्यावर आले. वर्गातली सर्वांत कमी गुणांची पंधरा मुले वेगळी काढली, की ज्यांचा तो दिवस वाईट गेला अशी मुले त्यांत आपोआप जास्त येतात. पुढच्या वेळी त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा दिवस बरा जातो आणि गुण वाढतात, मग मधल्या काळात त्यांना काही शिकवलेले असो वा नसो. अप्रगत मुलांसाठी केलेला कोणताही उपक्रम यशस्वी ठरतो तो पुष्कळदा यामुळे. भगताच्या अंगाऱ्याला जे श्रेय मिळते तेही असेच, कारण ताप चढल्याशिवाय अंगारा लावायला कोणी जात नाही.

यावरचा उपाय मानसशास्त्राला मिळाला तो बऱ्याच अंशी शेतातून, आणि खानदेशच्या वाचकाला ते समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. कपाशीचे नवे वाण आले की आपला शेतकरी सगळे वावर त्याच्या हवाली करत नाही. जुन्या वाणाच्या शेजारी, त्याच जमिनीत, त्याच पाण्यावर चार तास, म्हणजे चार ओळी, लावून पाहतो. कंपनीच्या माणसाने दाखवलेला प्लॉट तापीकाठच्या काळ्या कसदार रानातला असेल, तर मुरमाड जमिनीचा धनी मान हलवतो आणि घरी येतो. रोनाल्ड फिशर हे संख्याशास्त्रज्ञ १९१९ पासून इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात काम करत होते. एकाच शेतात कस जागोजागी बदलतो, मग कोणत्या तुकड्याला कोणते खत द्यायचे हे माणसाने ठरवले तर त्याचा कल नकळत त्यात उतरणारच, हे ओळखून त्यांनी तो निर्णय दैवावर, म्हणजे यादृच्छिक निवडीवर, सोपवला. प्रयोगांच्या आराखड्यावरचे त्यांचे पुस्तक १९३५ साली निघाले आणि त्यानंतर ही रीत मानसशास्त्राच्या प्रयोगांतही रुजली. आपल्याकडे पानसे आणि सुखात्मे यांनी शेती संशोधकांसाठी लिहिलेले संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ चे. कृषी विद्यापीठाच्या कोणत्याही प्रक्षेत्रावर आज तुकड्यांची यादृच्छिक वाटणी न करता वाणाची चाचणी झाली, तर तिचा अहवाल कोणी स्वीकारणार नाही. केळीच्या रोपाला जो न्याय मिळतो तो चौथीच्या मुलाला का मिळू नये, हे मला अजून उलगडलेले नाही.

गट चिठ्ठ्या टाकूनच का पाडायचे, सारख्या गुणांची मुले शिक्षकाने जोड्या लावून का निवडू नयेत, असे मला नेहमी विचारले जाते. जोड्या लावता येतात, पण त्या आपण मोजलेल्या गोष्टींपुरत्याच. घरी अभ्यास घेणारे कोणी आहे का, मूल मामाच्या गावी राहते की आईवडिलांजवळ, शिक्षकाचा त्याच्यावर जीव आहे की नाही, हे कोणत्याच रकान्यात नसते. चिठ्ठी हे सगळे न पाहता वाटणी करते, म्हणून संख्या पुरेशी असेल तर न मोजलेल्या गोष्टीही दोन्ही गटांत साधारण सारख्या पडतात. शिबिराला फी भरून आलेली मुले आणि न आलेली मुले यांची तुलना तर मुळातच फोल आहे, कारण फी भरणारे पालक हाच एक मोठा फरक झाला. आणि एका शाळेत उपक्रम केला, शेजारच्या शाळेत केला नाही, तर मुले तीनशे असली तरी शाळा दोनच आहेत. त्या दोन शाळांचे मुख्याध्यापक वेगळे असणे एवढाही फरक निकाल उलटवायला पुरेसा असतो.

वाटणी चोख झाली तरी मोजणाऱ्याचा प्रश्न राहतो. बर्लिनमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी हान्स नावाचा एक घोडा खूर आपटून गणिते सोडवतो म्हणून गाजला होता. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ साली त्याची परीक्षा घेतली, तेव्हा प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर घोड्यालाही ते येत नाही असे निघाले. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर आणि मानेत जी बारीकशी हालचाल होई, ती पाहून हान्स थांबत असे. मालक फसवत नव्हता. आपण खूण करतो आहोत हे त्याचे त्यालाही माहीत नव्हते. उपक्रम राबवणारा शिक्षकच उत्तरचाचणी घेतो आणि तोच पेपर तपासतो, तेव्हा याहून वेगळे काय घडत असेल? कोणते मूल कोणत्या गटातले हे तपासणाऱ्याला कळू न देणे, एवढी काळजी घ्यायला खर्च येत नाही. पेपर शेजारच्या केंद्रातल्या शिक्षकाकडे पाठवले आणि नावांऐवजी क्रमांक टाकले की काम भागते.

डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणाऱ्या मुलांचे एक प्रात्यक्षिक मी आमच्या भागातल्या एका सभागृहात पाहिले आहे. आयोजकांचे नाव मी येथे घेत नाही. मुलगी नऊ-दहा वर्षांची होती; पुस्तक छातीशी धरून, हनुवटी किंचित वर उचलून ती सलग वाचत होती आणि पालक टाळ्या वाजवत होते. नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टी टेकत नाही, तेथून खाली फट राहते आणि नजर त्या फटीतून जाते. हनुवटीखाली एक पुठ्ठा आडवा धरून पाहावा किंवा पुस्तक कपाळासमोर न्यावे, अशी विनंती मी केली, तेव्हा तसे केल्याने मुलांची ऊर्जा बिघडते असे उत्तर मिळाले. त्या मुलीला मी दोष देणार नाही. पण पुठ्ठ्याने बिघडणारी शक्ती हजारो रुपये फी घेऊन विकली जाते आणि तिची बातमी छायाचित्रासह छापून येते, याला काय म्हणावे?

असे दावे सभ्यपणे आणि चोख कसे तपासावेत याचा वस्तुपाठ मराठी माणसांनीच घालून दिलेला आहे. डॉ. जयंत नारळीकर, प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ साली फलज्योतिषाची एक चाचणी केली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा घेऊन पत्रिका तयार केल्या आणि त्यांतून यादृच्छिकपणे निवडलेल्या चाळीस-चाळीस पत्रिका ज्योतिषांकडे पाठवून, कोणती पत्रिका कोणत्या गटातली एवढेच विचारले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली, त्यांतली सुमारे ४६ टक्के बरोबर निघाली. नाणे उडवले असते तरी साधारण पन्नास टक्के आली असती. या चाचणीवरचा निबंध पुढे ‘करंट सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मला त्यात निकालापेक्षा आराखडा मोलाचा वाटतो, कारण प्रश्न आधी ठरला, बरोबर कशाला म्हणायचे ते आधी ठरले आणि पत्रिका पाहणाऱ्याला उत्तर कळण्याची वाट बंद केली गेली.

प्रयोगाच्या बाजूने बोलू लागले की शिक्षक मित्र एक आक्षेप घेतात आणि तो हलका नाही : चांगला उपक्रम अर्ध्या मुलांना द्यायचा आणि अर्ध्यांना द्यायचा नाही, हा अन्याय नव्हे काय? त्याला उत्तर आपल्या शेजारीच सापडते. मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांत ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी उपक्रमाची तपासणी २००१ ते २००३ या काळात झाली. ज्यांना पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले त्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांचा त्यात सहभाग होता. बालसखी म्हणजे त्याच वस्तीतली, माध्यमिक शाळा शिकलेली तरुणी. ती मागे पडलेल्या मुलांना दिवसातून सुमारे दोन तास वेगळे घेऊन शिकवत असे. तेथे कोणत्याही शाळेला नकार दिला गेला नाही. निम्म्या शाळांत बालसखी तिसरीला मिळाली आणि निम्म्या शाळांत चौथीला, आणि कोणाला काय मिळणार हे चिठ्ठीने ठरले. त्यामुळे एका शाळेतल्या तिसरीची तुलना दुसऱ्या शाळेतल्या तिसरीशी करता आली आणि कोणतीही शाळा रिकाम्या हाताने परतली नाही. गुण खरोखरच वाढले, आणि ते बालसखीमुळे वाढले असे छातीठोकपणे सांगता आले. आपल्याकडे तर साधने नेहमीच अपुरी असतात. साऱ्या शाळांना एकाच वर्षी काही देणे जमत नाहीच. मग पहिल्या वर्षी कोणाला द्यायचे हे वशिल्याने ठरण्याऐवजी चिठ्ठीने ठरले, तर अन्याय वाढेल की कमी होईल?

नियंत्रित गटाला ध्यानाच्या त्या पंधरा मिनिटांत अगदीच मोकळे सोडू नये, हेही सांगायला हवे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या अभ्यासांवरून असे सांगितले जाते की आपल्याकडे कोणी लक्ष देते आहे एवढ्यानेही माणसे जास्त काम करतात. (या कथेचा पाया मानलेल्या प्रकाशयोजनेच्या प्रयोगांची मूळ आकडेवारी २०११ साली पुन्हा तपासली गेली, तेव्हा परिणाम पाठ्यपुस्तकांत रंगवतात तितका भक्कम आढळला नाही, आमच्या विषयातल्या लाडक्या गोष्टींचेही असे होते.) तरी सावधगिरी म्हणून एका गटाला ध्यान, तर दुसऱ्याला तेवढाच वेळ गोष्टीचे वाचन द्यावे. दोघांनाही लक्ष सारखे मिळेल आणि फरक उरला तर तो ध्यानाचा असेल.

अहवालांतल्या ‘सार्थक फरक’, म्हणजे केवळ योगायोगाने पडला नसावा असा फरक, या शब्दांनीही संपादकांनी लगेच भारून जाऊ नये. परिणाम मुळीच नसताना केवळ योगायोगाने सार्थक दिसण्याची शक्यता एका चाचणीत पाच टक्के धरलेली असते. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या घेतल्या, तर त्यांतली निदान एक तरी अशी फसवी निघण्याची शक्यता ६४ टक्क्यांवर जाते. स्मृती, अवधान, चिंता, आत्मविश्वास, समायोजन असे सगळे मोजायचे आणि जेथे फरक निघाला तेवढेच मथळ्यात घालायचे, ही खोड केवळ आपल्या विद्यापीठांची नाही. २०१५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका सामूहिक प्रकल्पात मानसशास्त्रातले शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मुळात त्यांतल्या ९७ टक्के अभ्यासांचे निष्कर्ष सार्थक होते. दुसऱ्यांदा केल्यावर ते प्रमाण ३६ टक्के आले. तेव्हापासून काय मोजणार आणि निष्कर्ष कशावरून काढणार, हे प्रयोगाआधीच नोंदवून ठेवण्याचा आग्रह वाढला आहे. आमच्याकडे प्रबंधाची रूपरेषा विद्यापीठात आधी सादर होतेच. तिच्यात या दोन ओळी सक्तीच्या करायला नवा कायदा लागणार नाही.

परदेशातल्या किंवा पुण्या-मुंबईतल्या प्रयोगांवर विसंबूनही आमचे भागणार नाही. मानसशास्त्रातले बहुतांश प्रयोग पाश्चात्त्य, सुस्थितीतल्या, शिकलेल्या समाजांतल्या विद्यार्थ्यांवर झालेले आहेत, ही टीका २०१० पासून त्या विषयाच्या आतूनच होते आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडचे घरी पावरी किंवा भिली बोलणारे मूल प्रमाण मराठीतल्या शब्दांची यादी किती पाठ करते, हे मोजून त्याची स्मरणशक्ती कळत नाही. त्याला शाळेची भाषा किती येते एवढेच कळते. अहिराणी बोलणाऱ्या घरांतही थोड्या प्रमाणात हेच होते. चाचण्या येथल्या मुलांवर, येथल्या बोलींत तपासून घेणे हे काम आमच्याच विद्यापीठातल्या आणि महाविद्यालयांतल्या मानसशास्त्र विभागांनी करायचे आहे. ज्या १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याच साली आमच्या अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. चिंतनाची परंपरा आम्हाला आहे, मोजणीची अजून पाडायची आहे. आणि असे प्रयोग आश्रमशाळांत करायचे, तर तेथले आईवडील दूर असतात म्हणून मुख्याध्यापकांच्या सहीवर काम भागवू नये. पालकांची संमती आणि सात वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही घ्यावीत, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलेले आहे.

आपल्याकडे माझी विनंती मर्यादित आहे. कोणत्याही उपक्रमाने गुण, स्मृती किंवा एकाग्रता वाढली अशी बातमी हाती आली, की वार्ताहराने तीन गोष्टी विचाराव्यात : कोणाच्या तुलनेत वाढली, कोण कोणत्या गटात जाणार हे कोणी ठरवले, आणि सुरुवातीच्या मुलांपैकी किती जण शेवटच्या चाचणीला हजर होते. उत्तरे मिळाली तर ती बातमीत छापावीत. मिळाली नाहीत तर उपक्रमाची बातमी जरूर द्यावी, शिक्षकांचे कौतुकही करावे, पण परिणामाचे वाक्य गाळावे. फी घेणाऱ्या शिबिरांचा मजकूर पैसे घेऊन छापलेला असेल, तर त्यावर ‘जाहिरात’ असे वाचता येईल अशा टाइपात लिहावे. आणि दिवाळीनंतर जे नवे उपक्रम सुरू होतील, त्यांच्या शाळा निवडताना जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने केंद्रप्रमुखांच्या समक्ष चिठ्ठ्या काढाव्यात. त्या दिवशी आपला वार्ताहर तेथे हजर असावा, अशीही माझी इच्छा आहे.

आपला,
एक निवृत्त मानसशास्त्र अध्यापक,
अमळनेर, जि. जळगाव